राष्ट्रीय उद्यान (होणार)

खोली दाखवून झाल्यावर घरमालक म्हणाले, "भाडं तुमी म्हनान ते. रविवार मात्र माहा."

बुलढाण्यात नवी नोकरी, नवं लग्न आणि खोली शोधून शोधून टेकीला आलेलो मी. मला वाटलं, रविवारी यांच्याकडे भजनबिजन असेल, अंगण रिकामं लागत असेल. मी 'हाव' म्हणून मोकळा झालो. त्या एका 'हाव'पायी पुढची कित्येक वर्षं मला रविवार कसा असतो ते कळलं नाही.

पहिल्याच रविवारी, उजाडायच्या आत, दाराबाहेर शिट्टी वाजली. साधीसुधी नव्हे, रेल्वेची. दार उघडलं तर समोर घरमालक उभे. पांढरी पँट, पांढरा कोट, डोक्यावर टोपी, काखेत दोन गुंडाळलेल्या झेंड्या, एक हिरवी आणि एक लाल. त्यांनी माझ्या हातात घमेलं दिलं आणि म्हणाले, "चला जवाईबुवा. नॅशनल पार्क."

रेल्वेतून ते गार्ड म्हणून निवृत्त झाले होते. सगळं गाव त्यांना गार्डसाहेबच म्हणायचं. उभी नोकरी जलंब ते खामगाव. ही लाइन एवढीशी, की तंबाखू मळून तोंडात टाकेपर्यंत खामगाव येतं. पण साहेब नोकरीच्या गोष्टी सांगायला लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस रोज कलकत्त्याला डाक पोचवून येत होता.

आता मी जावई कसा, तेही सांगतो. आमच्या हिचं माहेर वडनेर भोलजी, साहेब मूळचे शेजारच्या नांदुऱ्याचे. सामान लावता लावता दोघांनी कुठल्याशा लग्नातली ओळख खणून काढली आणि ही त्यांना 'मामा' म्हणाली. तिथे माझा निकाल लागला. जावयाला पाटावर बसवून गोडधोड वाढायची आपल्याकडे पद्धत आहे. माझ्या मामेसासऱ्यांनी मला घमेलं दिलं, फावडं दिलं आणि 'जवाईबुवा' म्हणत म्हणत घाणेरीची काटेरी झुडपं उपटायला लावली. नाही म्हणायची सोय नव्हती. भाडेकरू भांडू शकतो, जावयाने काय करावं?

तर नॅशनल पार्क. खामगावच्या सडकेला लागून घाटात आमचं जंगल आहे. सरकारी राखीव जंगल, साग, सालई, तेंदू आणि भरपूर दगड. साहेबांच्या डोक्यात बसलं होतं की चांद्याला ताडोबा झालं, तसं इथेही राष्ट्रीय उद्यान व्हायला हवं. "आपल्या घाटात काय कमी आहे?" ते विचारायचे. सरकारला अजून हे सुचलं नव्हतं, पण म्हणून थांबायचं कशाला? जंगल जिथे सुरू होतं तिथे त्यांनी स्वखर्चाने पत्र्याची पाटी ठोकली होती. मोठ्या अक्षरांत 'राष्ट्रीय उद्यान' आणि खाली बारीक अक्षरांत, कंसात, 'होणार'.

जंगलखात्याचा नाकेदार ती पाटी काढून आपल्या चौकीत नेऊन ठेवायचा. साहेब चौकीत जायचे, नाकेदाराचा चहा प्यायचे आणि पाटी परत आणून ठोकायचे. शेवटी नाकेदार रडकुंडीला आला. "सायब," तो म्हणाला, "निदान ते 'होनार' तरी मोठं लिहा जी. वरच्या सायबाले जीपमधून दिसलं पाह्यजे." पुढच्या रविवारी माझ्या हातात घमेल्याऐवजी रंगाचा डबा आणि ब्रश आला. मी भर उन्हात सडकेवर उभा राहून 'होणार' मोठं केलं आणि येणाऱ्याजाणाऱ्या एस.टी.तून कचेरीतले लोक मला पाहून हात हलवत गेले. आता तिथे अभयारण्याचा सरकारी फलक आहे, कंस नसलेला. पण त्याला फार वर्षं लागली आणि तोवर साहेब राहिले नव्हते.

आमची स्वयंसेवकांची फौज म्हणजे एक शिंपी, एक कंपाउंडर, मी आणि ही. कॉलेजची पोरं सुरुवातीला आली होती, पण वाघ दिसत नाही म्हटल्यावर गळाली. कंपाउंडरला दर दुसऱ्या रविवारी अचानक एखादा अत्यवस्थ पेशंट आठवायचा. शिंपी बिचारा गरीब, तो यायचा. आणि ही? ही नटूनथटून, भाकरी-ठेचा बांधून, शिट्टीच्या आधी तयार असायची. मी कुरकुर केली तर म्हणायची, "तुमाले काय, रविवारी झोपाच काढाच्या ना?" अगदी बरोबर. मला झोपाच काढायच्या होत्या.

जंगलात शिरलं की आमची गाडी व्हायची. हिरवी झेंडी हलल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही. कुणी चपलेतला काटा काढायला थांबला की मागून लाल झेंडी आणि शिट्टी. मी सगळ्यांच्या पुढे, म्हणजे इंजिन. साहेब सगळ्यांच्या शेवटी. थोड्या थोड्या वेळाने मागून आरोळी यायची, "मांगं कोन राह्यलं?" आणि आम्ही सगळ्यांनी ओरडायचं, "कोनी नाही!" मी एकदा म्हटलं, "साहेब, असं बोंबलत गेलो तं एक जनावर दिसाचं नाही." ते म्हणाले, "न दिसू द्या. पन त्याले कळलं पाह्यजे ना, गाडी कुठवर आली ते."

"तुमी एकदा पुढं काऊन नाही चालत?" असंही मी विचारून पाहिलं. इंजिन होऊन काटे पहिले मलाच लागायचे.

"पुढं काय आहे ते ड्रायव्हर पाह्यते. मांगं कोन राह्यलं ते गार्ड पाह्यते. गार्ड पुढं आला म्हंजे अपघात झाला समजा."

या माणसाशी वाद घालून कधी कुणाचं भलं झालं नाही. एकदा मात्र माझा तोल गेला. दुपारची वेळ, पाटीखाली बसलेलो, हाताला फोड आलेले. मी म्हटलं, "बापाचं आहे काय हे जंगल तुमच्या?"

मला वाटलं, आता खोली सोडावी लागणार. बरंच झालं, असंही वाटलं. पण साहेब चिडले नाहीत. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

"बापाचं नाही. पन माह्या हातून गेलं हे, जवाईबुवा. खामगावले सागवान भरे मालगाडीत. डब्यामांगं डबा, वाघिनीच्या वाघिनी. भरून झालं की ड्रायव्हर मांगं वळून मले पाहे. मी हिरवी दाखवो. इतकी वर्षं झाली नोकरीले, एकदाही लाल दाखवली नाही. दाखवाचं काही कारनच नव्हतं. गाडी टाइमावर होती."

असं काहीतरी बोलून ते माझ्या रागाची हवा काढून घ्यायचे. मला खूप वाईट वाटलं. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्यांनी टोपी घातली आणि माझ्या कानाशी शिट्टी फुंकली. जेवणाची सुट्टी संपली होती.

मग ते दुष्काळाचं साल आलं. जंगलाच्या कडेला एक वाडी होती, तिथल्या विहिरी होळीच्या आधीच आटल्या. जंगलात एका अरुंद घळीच्या तळाशी आमचा झिरा होता. झिरा म्हणजे नाल्याच्या वाळूत खणलेला पाण्याचा खड्डा. आम्हीच तो दगडांनी बांधून काढला होता आणि शेजारी जनावरांना पिता यावं म्हणून दगडाची उथळ डोणी केली होती. त्या वर्षी वाडीला तोच झिरा आणि जंगलालाही तोच. बाया वाटेल त्या वेळी घळीत उतरू लागल्या, कारण दुसरीच्या आधी हंडा लागला पाहिजे. रोही, सांबरं, अस्वलं यांचीही वेळकाळ सुटली. एकदा संध्याकाळी घळीत एक बाई आणि एक अस्वल समोरासमोर आली. बाई वाचली, पण पळताना तिचा पाय मोडला.

सरपंच म्हणाला, सुरुंग लावू, झिऱ्याची विहीर करू, वरून काटेरी तार लावू. म्हणजे माणसाला दोराने पाणी मिळालं असतं आणि जनावराला थेंबही नाही. घळीच्या तोंडाशी अंजनाचं मोठं झाड आहे, त्याखाली वाडीची बैठक बसली. आम्हीही गेलो. साहेब उठून उभे राहिले.

"खामगाव लाइन एकेरी होती," त्यांनी सुरुवात केली.

मी कपाळावर हात मारला. माणसं पाण्यासाठी जीव टाकताहेत आणि हे खामगाव लाइनवर.

पण ते सांगत राहिले. एकेरी लाइनवर समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून ड्रायव्हरच्या हातात एक गोळा देतात. गोळा हातात आल्याशिवाय गाडी हलत नाही. गोळा एकच, म्हणून लाइनवर गाडीही एकच. असं म्हणून त्यांनी कोटाच्या खिशातून पेरूएवढा पितळी गोळा काढला, तांबटाकडून करवून आणलेला. हा इथे, अंजनाच्या खिळ्याला, जाळीच्या पिशवीत टांगलेला राहील. सकाळी गोळा घ्यायचा, सगळ्या बायांनी मिळून उतरायचं. दिवस मावळायच्या आत शेवटचं माणूस वर आलं की गोळा खिळ्याला. गोळा टांगला की घळ जनावरांची. "अन गोळा खिळ्याले नसला, तं समजाचं आत मानूस आहे. तो वर येईपर्यंत पानी भराले जाचं नाही."

सरपंच हसला. पण पारबताबाई हसली नाही. ही वाडीतल्या बायांची म्होरकी, उंच, हडकुळी, आणि तिचा आवाज असा की साहेबांच्या शिट्टीची गरज पडू नये. तिने सरपंचाला विचारलं, "वाडीत पानी कोन आनते?"

"बाया."

"मंग बाया ठरवतीन." ती साहेबांकडे वळली. "तुमचा गोया पाहू आमी. पन एक सांगून ठेवतो, गार्डसायब. ज्या दिवशी या गोयापायी आमचे हंडे रिकामे घरी गेले, त्या दिवशी सुरुंग. मंग तुमची रोही मरो का अस्वल मरो."

"मंजूर," साहेब म्हणाले.

आणि ते जमलं. हे कबूल करताना मला आजही त्रास होतो, पण जमलं. महिनाभरात बाया 'लाइन किलेर आहे' म्हणायला लागल्या. सकाळी डोणीकाठी रोहीच्या, सांबराच्या खुरांचे ठसे दिसायचे. साहेबांचा तर पाय जमिनीला लागेना. दर रविवारी संध्याकाळी, बाया वर आल्या की, आम्ही गोळा घेऊन खाली उतरायचो, झिऱ्यातला गाळ काढायचो, डोणी भरायचो. मग साहेब सगळ्यांत शेवटी वर यायचे आणि गोळा खिळ्याला लावायचे.

एका रविवारी मी गाळ काढता काढता म्हटलं, पुढच्या रविवारी वडनेरला मेव्हणीचं लग्न आहे, आम्ही येणार नाही. साहेब म्हणाले, "अर्ज द्या सुट्टीचा." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, कचेरीत अर्ज, इथे अर्ज, मी मेलो तं जाळाले अर्ज कोनाले करू? ते म्हणाले, इंजिन असं आयत्या वेळी पळून जात नसते. घळीच्या तळापासून वरपर्यंत आमचं कडाक्याचं भांडण झालं. ही मध्ये पडली तर तिलाही दोघांनी गप्प केलं. फणफणत सडकेवर आलो, खामगावहून येणारी बस पकडली, घरी आलो. पुढे जे झालं त्यात माझी चूक होती, असं आमची ही आजही म्हणते. मला ते अजिबात मान्य नाही.

सोमवारी मी कचेरीत जायला निघालो होतो. दारावर थाप पडली. साहेब बनियनवर उभे, कोट हातावर, आणि तळहातावर तो पितळी गोळा.

"जवाईबुवा," ते म्हणाले, "गोळा माह्या खिशात आला."

घरात कुणी गेल्यावर माणूस जसा बोलतो, तसे ते बोलले. इतके म्हातारे ते मला त्याआधी कधीच दिसले नव्हते. "उभ्या नोकरीत असं नाही झालं. बाया सकाळपासून वरच बसल्या असतीन. खाली कोनी आहे समजून. हंडे रिकामे जातीन. सुरुंग लावतीन."

"चांगलं होईल," असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण हिने तोवर सायकल बाहेर काढली होती. "आधी जा," ती मला म्हणाली. बस निघून गेलेली. मी पुढे सीटवर, आणि अंगात कोट चढवून, काखेत झेंड्या मारून साहेब कॅरियरवर. तेही उलटे, मागे तोंड करून.

"सरळ बसा ना जी, तोल जाते माहा."

"सवय नाही," ते म्हणाले.

उन्हाळ्यातलं ऊन, घाटाचे चढउतार, पाठीला टेकलेलं ते गार्डाचं ओझं. चढावर उतरून मी सायकल ढकलायचो, तेव्हाही ते मागूनच चालायचे. रस्ताभर एकच घोकणं, "सुरुंग लावतीन." मी मनातल्या मनात साहेबांना, रेल्वेला, ताडोब्याला आणि वडनेरच्या समस्त सासुरवाडीला शिव्या घातल्या. आणि तरी मी जोरात पायडल मारत होतो. त्या डोणीचे दगड मीच रचले होते.

अंजनाखाली पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. झाडाखाली हंडे ओळीने मांडलेले, सगळे रिकामे. एकही बाई नाही. घळीतून कसले तरी आवाज येत होते, दगड घरंगळल्याचे, माणसांचे. मला वाटलं, पहारी घेऊन उतरलेही लोक. मग नीट ऐकू आलं.

"गार्डसाऽयब! ओ गार्डसाऽयब!"

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मग त्यांनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली. खाली एकदम शांत झालं. थोड्या वेळाने बाया वर येऊ लागल्या. कासोटे घातलेले, हातात काठ्या, दंडांवर काट्यांचे ओरखडे. सगळ्यांच्या पुढे पारबताबाई. ती साहेबांसमोर येऊन उभी राहिली आणि तिने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"जित्ते आहा?"

"हो जी," साहेब म्हणाले.

आणि मग ती फुटली. "सकायपासून तुमच्या नावानं बोंबलून राह्यलो आमी नाल्यात! गोया नाही म्हंजे आत मानूस आहे, हे तुमीच सांगतलं ना? रातभर आत कोन राहीन? तुमीच! दुसऱ्या कोनाले असं सुचते काय? वाट पाह्यली, हाका मारल्या, मंग उतरलो. एकेक झुडूप पाह्यलं, कपारी पाह्यल्या, अस्वलाच्या गुहेत काठ्या घातल्या आमी! सखू तं रडून राह्यली, सायबाले जनावरानं फाडलं म्हनून. अन तुमी सायकलवर हवा खात येऊन राह्यले?"

"अन पानी काऊन नाही भरलं?" मी विचारलं. झिरा त्यांच्या पायाशीच होता.

"पानी कोनाले सुचते जी, आत मानूस मरून पडला असंन तं?"

साहेबांनी टोपी काढली आणि गोळा तिच्या हातावर ठेवला. "चूक माही आहे. हंडे रिकामे राह्यले. ठरलं तसं करा. लावा सुरुंग."

पारबताबाईने गोळ्याकडे पाहिलं, मग हंड्यांच्या ओळीकडे. "हंडे अजून घरी कुठं गेले?" ती म्हणाली. "दिवस पडला आहे सारा. भरा."

"मी भरतो," साहेब म्हणाले.

"दोघं भरा."

माझी कचेरी आहे, असं मी सांगून पाहिलं. "कचेरी कुठं पयून चालली काय?" ती म्हणाली. त्या दिवशी मी आणि गार्डसाहेबांनी घळीतून वर आणि वरून वाडीपर्यंत हंडे वाहिले. वाडीतली पोरं दारादारांत उभी राहून आमचा खेळ पाहत होती. मी पुढे, साहेब मागे. माझ्या खांद्याची सालं निघाली. बाया सावलीत बसून आम्हाला कामातल्या चुका सांगत होत्या.

दिवस कलला. शेवटची खेप उरली. पारबताबाईने स्वतः गोळा पिशवीत घालून खिळ्याला टांगला, दोनदा ओढून पाहिला. सगळ्यांनी आपापले हंडे डोक्यावर घेतले. साहेब नेहमीसारखे बाजूला सरकले, सगळे पुढे जाईपर्यंत थांबायला.

"चला पुढं," पारबताबाई म्हणाली. "मांगं मी आहे."

"नाही जी, गार्ड तं..."

"चला म्हनलं ना! तुमी मांगं राह्यले की आमाले सोधा लागते."

साहेबांनी एकवार माझ्याकडे पाहिलं. मी बाजूला झालो. ते माझ्या पुढून गेले, बायांच्या पुढून गेले आणि सगळ्यांच्या समोर चालू लागले. इतकी वर्षं त्यांचा आवाज माझ्या पाठीशी होता, त्यांची पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. त्या पांढऱ्याशुभ्र कोटाला मागून ठिगळ होतं.

पुढे वाट फुटते. डावीकडची वाडीला जाते, उजवीकडची परत नाल्यात. साहेब ताठ मानेने, ऐटीत, उजवीकडे वळले. जन्मभर शेवटच्या डब्यात बसलेल्या माणसाला रस्ताच माहीत नव्हता. दिवसभर त्याच वाटेने हंडे वाहूनही नव्हता. सगळ्या रविवारांची भरपाई करून घ्यायची संधी चालून आली होती. मी त्यांना सुनवायला तोंड उघडलं.

तेवढ्यात माझ्या मागून, ओळीच्या अगदी शेवटून, आवाज आला. आता त्यात राग नव्हता.

"गार्डसायब, डाव्या हातानं!"

साहेब थांबले. मागे वळून न पाहता त्यांनी काखेतली हिरवी झेंडी काढली, एकदा हलवली, आणि डावीकडे वळले.